गावातली छोटी संस्था टिकते कशी आणि बोलते कशी

गेल्या महिन्याभरात चार जणांनी एकच प्रश्न विचारला, "आम्हाला संस्था काढायचीय, सात जण जमलेत, नावही ठरलंय, आता काय काय लागतं?" आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतो. मी एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका आणि वाचनालय चालवणाऱ्या छोट्या संस्थेचा खजिनदार आहे, १४ वर्षं झाली. वकील नाही, सीए नाही, जे कळलं ते फाईली घेऊन फिरता फिरता कळलं.

संस्था काढणं अवघड नाहीच, टिकवणं अवघड आहे. आणि मी आजूबाजूला बंद पडलेल्या जेवढ्या संस्था बघितल्या त्यातली एकही काम वाईट होतं म्हणून बंद पडली नाही. बंद पडतात त्या बसून करायच्या कामापायी, म्हणजे प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) लिहिणं, हिशोब लावणं, पावत्या फाडणं, मुदतीत अर्ज टाकणं, ज्याचे फोटो निघत नाहीत आणि ज्याला कोणी पैसे देत नाही असं काम. पुढे हेही सांगतो की हेच बसून केलेलं काम नंतर सरकारपुढे बोलायच्या वेळी कसं उपयोगी पडतं.

आधी पाया. आपल्याकडे संस्था म्हणलं की बहुतेक वेळा दोन कायदे एकदम लागू होतात. एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा, त्यात किमान सात जण, नियमावली म्हणजे घटना, उद्देश वगैरे. दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, पूर्वी मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. पहिल्यात नोंदणी झाली की दुसऱ्यातही करायची असते, म्हणून आपल्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन नंबर दिसतात, त्यातला एफ ने सुरू होणारा नंबर हा दुसऱ्या कायद्याचा. इतर बऱ्याच राज्यांत असं दुहेरी नाही, त्यामुळे बाहेरचे देणगीदार विचारतात की तुम्ही ट्रस्ट आहात का सोसायटी, आणि आपलं उत्तर असतं की दोन्ही.

आता या सगळ्यात एक कागद आहे ज्याच्यावर संस्थेचा जीव असतो, तो म्हणजे शेड्युल वन. ही दुसरी नोंदणी जिथे होते त्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, शेतकऱ्याला जसा सातबारा तसा संस्थेला हा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यावर ज्यांची नावं तेच संस्था चालवतात, प्रत्यक्षात कोण झाडू मारतंय आणि कोण कुलूप उघडतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, जागा घेतली, की ९० दिवसांच्या आत त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवायचा अर्ज टाकायचा, तो मंजूर झाला की मगच शेड्युल वनवर नाव बदलतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या सचिव काकू गेल्या. २२ वर्षं त्यांनी संस्था अंगावर घेतलेली, किल्ल्या त्यांच्याकडे, पासबुक त्यांच्याकडे, प्रोसिडिंग बुक त्यांच्या हाताने लिहिलेलं. आम्ही शोकसभा घेतली, अभ्यासिकेत त्यांचा फोटो लावला, नवीन सचिव निवडला, सगळं रीतसर मिटींगमध्ये ठराव करून, आणि चेंज रिपोर्ट मात्र कोणीच टाकला नाही, कारण ते काम नेहमी काकूच करायच्या आणि बाकी कुणाला ते आपलं काम वाटलंच नाही. दीड वर्षाने बँकेने केवायसी मागितली, ताजं शेड्युल वन आणा म्हणाले, आणि त्याच्यावर काकूंचं नाव. खातं थांबलं. मग विलंब माफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, त्या सभेची नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, नव्या सचिवाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. सभेच्या नोटिशीची पोच आमच्याकडे नव्हतीच, तोंडी सांगितलेलं सगळ्यांना. त्यात मधल्या काळात आमचे एक सदस्य राजीनामा देऊन गेलेले, त्याचा दुसरा चेंज रिपोर्ट, आणि पहिला निघाल्याशिवाय दुसरा पुढे सरकत नाही अशी ती साखळी असते. एकूण २ वर्षं गेली. त्या २ वर्षांत वीजबिल, वर्तमानपत्रं, सफाईवाल्या मावशींचा पगार हे सगळं आम्ही चौघांनी खिशातून भरलं. अभ्यासिका एक दिवस बंद ठेवली नाही हे आजही अभिमानाने सांगतो, पण अजून एक वर्ष गेलं असतं तर जमलं नसतं.

त्यामुळे माझा पहिला आग्रह, सभेची नोटीस छापील काढा, पोच घ्या, प्रोसिडिंग त्याच दिवशी लिहा, आणि बदल झाला की ९० दिवसांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मारा.

दुसरा भाग इन्कम टॅक्सचा. लोक १२ए आणि ८०जी एका दमात म्हणतात पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर टॅक्स नको यासाठीची नोंदणी. ८०जी म्हणजे देणगी देणाऱ्याला त्याच्या टॅक्समध्ये सवलत मिळावी यासाठीची. पूर्वी एकदा मिळालं की विषय संपायचा. १ एप्रिल २०२१ पासून ते बदललं, सगळ्या जुन्या संस्थांना परत अर्ज करायला लावले, आणि नोंदणी ५ वर्षांची झाली, नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती. म्हणजे रिन्यूअल आलं, आणि रिन्यूअल चुकलं की नुसती सवलत जात नाही, मालमत्तेवरही टॅक्स बसायची वेळ येऊ शकते. २०२५ च्या बजेटमध्ये थोडा दिलासा मिळाला, ज्यांचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे अशांची १२ए नोंदणी ५ ऐवजी १० वर्षांची केली. आपल्यासारख्या सगळ्याच त्यात बसतात. पण ८०जी ला ती १० वर्षं लागू नाहीत, त्यामुळे दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या झाल्यात, लक्षात ठेवा. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे आकडेच बदललेत, तरी बोलताना आपण सगळे अजून १२ए-८०जीच म्हणणार, म्हणून इथे तेच लिहितोय.

८०जी ची एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीय. ही सवलत जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, आणि नव्या पद्धतीत गेलेल्या नोकरदाराला ८०जी ची पावती देऊन काही फायदा होत नाही. आमच्याकडे दर मार्चमध्ये ५ हजारांचा चेक देणारे एक निवृत्त सर आहेत, ते अजूनही देतात कारण त्यांना अभ्यासिका महत्त्वाची वाटते, पण "मार्च एंड आला, काहीतरी द्यायचंय" म्हणून येणारे तिघे-चौघे बंद झाले. शिवाय रोख २ हजारांच्या वर घेतलेल्या देणगीला ८०जी नाही, आणि ८०जी असलेल्या संस्थेला दर वर्षी प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन, रक्कम ३१ मेच्या आत ऑनलाईन भरावी लागते, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. गणपतीच्या वर्गणीसारखं वहीत नाव लिहून चालत नाही.

आणखी एक नियम जो टिकण्याशी थेट जोडलेला आहे. वर्षात १०० रुपये आले तर त्यातले ८५ त्याच वर्षी उद्देशावर खर्च व्हायला पाहिजेत. १५ मागे टाकता येतात. जास्त मागे टाकायचे तर ठराविक कारण लिहून वेगळा फॉर्म भरून, ५ वर्षांपर्यंत. हेतू चांगला आहे, लोकांचा पैसा दाबून ठेवू नये. पण छोट्या संस्थेला गंगाजळी करायला फार जागा राहत नाही, आणि एखादं वर्ष कोरडं गेलं की हाताशी काही नसतं. याला एक वाट आहे, कायम निधी, म्हणजे कॉर्पस. देणगीदाराने लेखी लिहून दिलं की ही रक्कम कॉर्पससाठी, तर ती वेगळी ठेवून तिचं व्याज वापरता येतं. आम्ही काकूंच्या नावाने असा निधी केला, २५ हजारांपासून सुरुवात केली, आज त्याच्या व्याजावर वर्तमानपत्रांचं बिल निघतं. छोटं वाटेल, पण वर्तमानपत्र बंद होणार नाही ही खात्री मोठी आहे.

आता पैसे येतात कुठून. लोकवर्गणी, सरकारी अनुदान, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), परदेशी मदत, ढोबळमानाने हे चार.

अनुदानाचं उदाहरण वाचनालयांचंच घेऊ, कारण ते माझ्या जवळचं आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं, अ ब क ड अशा वर्गात, ड सगळ्यात खालचा, आणि यातली जवळपास सगळी म्हणजे गावातल्या लोकांनी चालवलेल्या छोट्या संस्थाच. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, ऐकायला केवढं मोठं वाटतं, पण ड वर्गाचं ३० हजारांचं ४८ हजार झालं, वर्षाला. त्यातला निम्मा वाटा पगाराचा धरतात. २४ हजार भागिले १२, महिन्याला २ हजार. खेड्यातल्या ग्रंथपालाने दोन हजारांत रोज वाचनालय उघडायचं, पुस्तकं द्यायची, रजिस्टर भरायचं. आणि वाचनालयांच्या २०१२ च्या पडताळणीनंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षं थांबलेली, म्हणजे तुम्ही कितीही चांगलं चालवलंत तरी ड चं क होत नव्हतं. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, आकडा डोळ्यासमोर आला की कळतं की ही माणसं काय करतायत.

सीएसआर म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, २०१४ पासून लागू. नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं तर मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर. पैसा भरपूर आहे यात. पण संस्थेला १२ए, ८०जी, किमान ३ वर्षांचं काम आणि सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते, आणि कंपनी साहजिकच आपल्या कारखान्याजवळ खर्च करते, म्हणून एमआयडीसीच्या शेजारच्या शाळेला दोनदा रंग लागतो आणि चाळीस किलोमीटर आत कोणी येत नाही. त्यात एक गैरसमज फार नडतो. नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. संस्थेला काम राबवायला जो खर्च येतो तो त्यात धरायचा नसतो, असा खुलासा कंपनी मंत्रालयाने २०२१ मध्येच केलाय. तरी मिटींगमध्ये "तुमचा ॲडमिन ५ टक्क्यांच्या वर नको" हे वाक्य येतंच, आणि छोट्या संस्थेचे लोक गप्प बसून मान डोलावतात. डोलवू नका. तो खुलासा प्रिंट काढून फाईलला लावा आणि नम्रपणे पुढे ठेवा.

परदेशी पैशाचं सगळं २०२० च्या सप्टेंबरमध्ये पालटलं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के, परदेशी पैसे घ्यायचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी. छोट्यांना लागलं ते हे शेवटचं. कारण छोट्या संस्थेला स्वतःची एफसीआरए नोंदणी कधी नव्हतीच, व्हायचं असं की पुण्या-मुंबईची मोठी संस्था निधी घ्यायची, हिशोबाची जबाबदारी घ्यायची आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम करणाऱ्या पाच-सहा छोट्या संस्थांना वाटून द्यायची. तो पाट मध्येच बुजला, आणि तोही कोरोनाच्या वर्षात. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली, त्यामुळे आता तोच नियम धरून चालायचं.

म्हणजे उरते लोकवर्गणी, आणि मला विचाराल तर छोट्या संस्थेचा कणा तीच असायला हवी. महिन्याला १०० रुपये देणारी ७० माणसं ही एका मोठ्या देणगीदारापेक्षा भक्कम. एकतर तो पैसा कशालाही वापरता येतो, झाडूला, ऑडिटच्या फीला, तालुक्याच्या एसटीच्या तिकिटाला. आणि दुसरं, ती ७० माणसं उद्या तुमच्या मागे उभी राहतात.

इथून बोलण्याचा भाग सुरू होतो, ज्याला इंग्रजी शाळेतली मंडळी ॲडव्होकसी म्हणतात. लोकांना भीती वाटते की संस्थेने मागणी केली, निवेदन दिलं, मोर्चात बॅनर धरला तर नोंदणी जाईल. पक्षाचा प्रचार करता येत नाही हे खरं, संस्थेचा पैसा निवडणुकीला लावता येत नाही हेही खरं. पण लोकांच्या प्रश्नावर बोलणं म्हणजे राजकारण नव्हे. परदेशी निधीच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संस्थांना राजकीय ठरवायची तरतूद होती, त्यावर सुप्रीम कोर्टाने ६ मार्च २०२० ला सांगितलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या हक्कांसाठी अशा मार्गांना पाठिंबा देणाऱ्या संस्थेला त्यावरून निधी नाकारता येणार नाही. इतक्या कडक कायद्यात जर ही मोकळीक आहे तर तुमच्या ग्रामसभेतल्या अर्जाला कोण हरकत घेणार.

आणि आपल्याकडे हे असं बोलून झालेलं आहे. गडचिरोलीच्या मेंढा लेखाचं उदाहरण घ्या, "दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यास गट चालवले, गावकरी रात्री बसून कायदा वाचायचे, समजेपर्यंत वाचायचे, आणि निर्णय सर्वानुमते घ्यायचे. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू वाहतुकीचा पास ग्रामसभेने द्यायचा हा अधिकार २०११ च्या एप्रिलमध्ये त्यावेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन देऊन गेले. घोषणा सगळ्यांना आठवते, अभ्यास गट कोणाला आठवत नाही.

त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च ही संस्था. त्यांनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे देशभरातल्या आशाताई घरी येऊन बाळ तपासतात त्याची पद्धत तिथून आली. लिहिलं नसतं तर ते एका जिल्ह्यातलं चांगलं काम राहिलं असतं.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यांनी आधी मागितलं काय तर ओळखपत्र. महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र गळ्यात आलं आणि २००८ पासून त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला लागली. पंधरा वर्षं लागली, हे विसरू नका.

आमचं प्रकरण याच्या हजाराव्या भागाइतकं, पण सांगतो, कारण असंच काहीतरी तुमच्याकडे असणार. अभ्यासिकेत आत-बाहेर जायची वेळ लिहायचं रजिस्टर आहे, काकूंनी सुरू केलेलं. एका हिवाळ्यात मी हिशोबासाठी ते चाळत होतो तर दिसलं की मुलगे रात्री दहापर्यंत बसतायत आणि मुली सगळ्या सव्वासहाच्या आत बाहेर, एकही अपवाद नाही, मार्चमध्ये मात्र त्याच मुली सात-साडेसातपर्यंत. विचारलं तर म्हणाल्या, काका, शाळेपासून स्टँडपर्यंतच्या रस्त्याला लाईट नाही. त्याआधी दोनदा आम्ही "परिसरात पथदिवे बसवावेत" असा अर्ज दिलेला, काही झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी तीन महिन्यांच्या रजिस्टरची पानं झेरॉक्स केली, मुलींच्या वेळांवर हायलायटर मारला, सोबत ३४ पालकांच्या सह्या, खांबांचे नंबर, आणि माहिती अधिकारात विचारलं की या रस्त्यासाठी मागच्या ३ वर्षांत किती तरतूद झाली. अर्जाला १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांत, महाराष्ट्राचा नियमच तसा आहे, आणि त्याने अर्ज नेमका होतो. चार महिन्यांनी सात खांबांवर दिवे लागले. आता मुलींच्या रकान्यात पावणेनऊ, नऊ अशा वेळा दिसतात.

एकट्याने जाऊ नका हेही सांगायचं राहिलं. आमच्या तालुक्यात अशा पाच संस्था आहेत, एक महिला मंडळ, एक व्यायामशाळा, एक दिव्यांग मुलांच्या पालकांची, एक बालवाडीवाली आणि आम्ही. पाचही मिळून एक हिशोबनीस ताई ठेवल्यात, महिन्यातले दोन-दोन दिवस प्रत्येकाकडे, पगार पाचात वाटून. पाचही संस्थांच्या तारखा त्यांच्या एका वहीत आहेत, कुणाचं ८०जी कधी संपतंय, कुणाचा चेंज रिपोर्ट कुठे अडकलाय. निवेदन द्यायचं असलं तर पाच लेटरहेडवर जातं, आणि लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तेव्हा, कलेक्टर कचेरीत गेलो तर दहा जण असतो, नीट ऐकून घेतात.

तर तुम्ही विचारलेल्याचं उत्तर. सात जण जमलेत म्हणालात, नावही ठरलंय म्हणालात. त्या सातातला रोज संध्याकाळी अर्धा तास बसून वही लिहिणारा कोण आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण, ही दोन नावं आधी कळवा, मग घटनेचा मसुदा पाठवतो.